परदेशातल्या ज्युनियर आईस स्केटिंग स्पर्धेची पात्रता: पालकांना मी जे सांगते ते

मूल कितीही चांगलं असलं तरी आंतरराष्ट्रीय आईस स्केटिंग स्पर्धेचा फॉर्म आई-वडिलांना भरता येत नाही. कोचलाही नाही. एंट्री जाते ती फक्त देशाच्या राष्ट्रीय संघटनेकडून, आणि तीसुद्धा आयएसयूची, म्हणजे इंटरनॅशनल स्केटिंग युनियनची, सदस्य असलेली संघटना असेल तरच. आपल्याकडे ती आईस स्केटिंग असोसिएशन ऑफ इंडिया. आयएसयूचं कार्यालय स्वित्झर्लंडमध्ये लोझानला आहे, संघटना १८९२ सालची आहे आणि नियमांच्या बाबतीत ती कुणाचंही ऐकत नाही. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढची निम्मी धावपळ आपोआप वाचते.

मी पुण्यात रोलर स्केटिंग शिकवते. आधी स्वतः चाकांवर आर्टिस्टिक स्केटिंग करायचे, आता पोरांना शिकवते, आणि त्यातल्या ज्यांना बर्फाची ओढ लागते त्यांना घेऊन उत्तरेत जाते. त्यामुळे माझ्याकडे येणारे बहुतेक पालक एकाच जागी अडकलेले असतात. मुलीकडे रोलरची नॅशनलची मेडल्स असतात आणि त्यांना वाटतं, आता बर्फावर थेट वरूनच सुरुवात. तसं होत नाही. रोलरची राष्ट्रीय संघटना वेगळी, तिची जागतिक संघटना वर्ल्ड स्केट वेगळी. रोलरमधलं सुवर्ण बर्फाच्या दारात चालत नाही. तोल, सराव आणि पडून उठायची सवय तेवढी बरोबर येते. तीही काही कमी नाही म्हणा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण यात पैसे जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर 'इंटरनॅशनल चॅम्पियनशिप'ची पत्रकं फिरतात. चार दिवस, तीन रात्री, विमानाचं तिकीट, ट्रॅकसूट, आणि मेडल जवळजवळ नक्की. अशा सहलीला जायला माझी हरकत नाही, फिरून या. पण ती स्पर्धा आयएसयूच्या कॅलेंडरवर नसेल तर तिथल्या गुणांचा पुढे काडीचा उपयोग नाही. पत्रक आलं की आधी आयएसयूच्या वेबसाईटवरच्या कॅलेंडरमध्ये स्पर्धेचं नाव शोधायचं. सापडलं नाही तर विषय संपला.

वय: १ जुलैचा खेळ

आयएसयूचा सीझन १ जुलैला सुरू होतो आणि ३० जूनला संपतो. वय मोजतात ते १ जुलैच्या आधी किती पूर्ण झालं यावर. फिगर स्केटिंगच्या (उड्या आणि गिरक्यांच्या स्केटिंगच्या) एकेरीत ज्युनियर म्हणजे १ जुलैच्या आधी १३ पूर्ण झालेलं आणि १९ पूर्ण न झालेलं मूल. शाळेचं वर्ष, ३१ डिसेंबरचा कटऑफ, यांचा इथे संबंध नाही.

उदाहरण घ्या. एक मुलगी २८ जून २०१२ ला जन्मली, दुसरी ३ जुलै २०१२ ला. मध्ये पाच दिवस. पहिली २०२५-२६ च्या सीझनमध्ये ज्युनियर खेळू शकते, दुसरी २०२६-२७ पर्यंत थांबणार. दुसरीच्या आईने यावर चिडून काही होत नाही. उलट मी म्हणते, तुम्हाला एक वर्ष जास्त मिळालं, कारण दुसऱ्या टोकाला ती १९ ची होऊन बाहेर पडेल तेही एक सीझन उशिराच.

ज्युनियरच्या खाली नोव्हिस असतं, आणि त्यात बेसिक, इंटरमिजिएट आणि अ‍ॅडव्हान्स्ड असे तीन टप्पे. अ‍ॅडव्हान्स्ड नोव्हिस साधारण १० ते १५ वयाचं. परदेशातल्या पुष्कळशा स्पर्धांत ज्युनियरबरोबरच नोव्हिसचेही गट असतात, आणि मला विचाराल तर भारतातून जाणाऱ्या मुलाची पहिली परदेशी स्पर्धा अ‍ॅडव्हान्स्ड नोव्हिसमध्येच व्हावी. तेरावं लागलं की ज्युनियरमध्ये उडी मारायची घाई आपल्या पालकांना फार असते. ज्युनियर शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या दोन सादरीकरणांपैकी पहिल्या, छोट्या सादरीकरणात, काय काय करावं लागतं हे आधी वाचा, मग ठरवा.

वरच्या बाजूला सीनियरचं किमान वय आता १७ आहे. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकनंतर आयएसयूने ते १५ वरून टप्प्याटप्प्याने वाढवलं. याचा आपल्याला फायदाच: ज्युनियरची वर्षं आता खऱ्या अर्थाने वापरता येतात, कुणी पंधराव्या वर्षी तुमच्या मुलीला मागे टाकून सीनियरला पळत नाही.

बर्फ कुठे आहे

महाराष्ट्रात पूर्ण मापाचं, वर्षभर चालणारं स्पर्धेचं रिंक नाही. गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये आईस स्केटिंग होतं, माझ्या पिढीतल्या कितीतरी मुंबईकरांनी पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवला तो तिथेच, पण तो पार्कही बंद झाला. मॉलमधल्या स्नो पार्कात जाऊन कुणी स्केटर होत नाही.

उरतं काय? गुरुग्रामचं मॉलमधलं आयस्केट. डेहराडूनचं हिमाद्री, जे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलं, मग बरीच वर्षं बंद पडून राहिलं आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथे शॉर्ट ट्रॅकची, म्हणजे छोट्या वळशावरच्या वेगाच्या शर्यतींची, आशियाई ओपन स्पर्धाही झाली. शिमल्याचं जुनं उघडं रिंक आणि लेह, पण ते थंडीपुरतं, निसर्गाच्या मर्जीवर. लेहला खेलो इंडिया विंटर गेम्सच्या स्केटिंग स्पर्धा होतात आणि महाराष्ट्राची पोरं तिथे मेडल घेऊन येतात, याचा मला अभिमान आहे. पण साडेतीन हजार मीटर उंचीवर पहिले दोन दिवस पोरांना नुसतं बसवून ठेवायचं असतं, हे पालकांना पटत नाही. 'एवढे पैसे खर्चून आलो आणि बर्फावर का नाही सोडत?' डोकं दुखायला लागलं की पटतं.

म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुलाचं वर्ष असं बसतं: घरी असताना चाकं आणि जमिनीवरचा व्यायाम, सुट्ट्यांमध्ये बर्फ. मे महिना पूर्ण उत्तरेत, दिवाळीची सुट्टी उत्तरेत, आणि नॅशनल्सच्या आधी जमेल तेवढं. मधल्या काळासाठी फिगर स्केटिंगची इनलाईन फ्रेम मिळते, एका ओळीत चाकं आणि पुढे बर्फाच्या पातीला दाते असतात त्या जागी रबरी स्टॉपर. उड्यांची दिशा, हवेतली घट्ट स्थिती, लँडिंगचा पाय हे सगळं त्यावर राहतं. कड मात्र राहत नाही. पातीच्या तळाला मध्ये खोबण असते आणि दोन बाजूंना दोन कडा, आतली आणि बाहेरची. बाहेरच्या कडेवर झुकून उभं राहण्याची भीती चाकांवर कधीच जात नाही, कारण तिथे ती कडच नसते. चाकांवरून आलेलं मूल मी लगेच ओळखते: उड्या उंच, आणि स्टेप सीक्वेन्समध्ये, म्हणजे पावलांच्या सलग रचनेत, सगळं सपाट.

बूट घेताना एकच सांगते. वाढत्या पायाला दोन साईज मोठा बूट घेऊ नका. शाळेच्या बुटाला ते चालतं, इथे घोटा आत हलला की संपलं. एडिया, जॅक्सन, रिस्पोर्ट ही नावं कानावर येतील. नाव बघू नका, मुलाच्या उडीला लागणारा ताठपणा बघा. सिंगल, म्हणजे हवेत एकच गिरकी असलेल्या, उड्या मारणाऱ्या मुलाला ट्रिपलचा, म्हणजे तीन गिरक्यांच्या उडीचा, बूट घातला तर गुडघाच वाकत नाही. आणि पातीला धार कोण लावतो ते विचारून ठेवा. साध्या चाकू-सुऱ्यांच्या धारवाल्याकडे पाती दिली की खोबण जाते आणि पाती वाया. पुण्यातून जाताना आम्ही धारेचं काम रिंकवर पोचल्यावरच करतो, आणि स्पर्धेच्या दिवशी सकाळी कधीच नाही. नव्या धारेवर मूल निदान दोन-तीन सेशन तरी खेळलेलं पाहिजे.

राज्य, नॅशनल्स, सिलेक्शन

राज्य संघटनेकडे नोंदणी, जन्मदाखला, आधार, फोटो. मग राज्याची निवड, मग नॅशनल्स. यात फार सांगण्यासारखं नाही, फक्त जन्मदाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं असू द्या. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं, कधी एका कागदावर येतं आणि दुसऱ्यावर येत नाही, आणि त्यावरून पुढे एंट्री अडते.

नॅशनल्सनंतर राष्ट्रीय संघटना ठरवते कुणाला कुठे पाठवायचं. निकष दर वर्षी परिपत्रकात येतात: क्रमांक, तांत्रिक गुण, कधी वेगळी ट्रायल. परिपत्रक नीट वाचा. 'सरांनी सांगितलं' यावर राहू नका, सर मीच असले तरी.

इथे एक गैरसमज जवळपास प्रत्येक घरात असतो. नॅशनल्समध्ये मिळालेले गुण आयएसयू धरत नाही. तुमच्या मुलीने नॅशनल्सला शंभर गुण घेतले तरी जागतिक ज्युनियर स्पर्धेसाठी ते शून्य. गुण मोजले जातात ते आयएसयूने मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, आयएसयूच्या नियमांनी नेमलेल्या पंचांसमोर घेतलेलेच. नॅशनल्स तुम्हाला फक्त तिथवर पोचवते.

किमान तांत्रिक गुण, म्हणजे खरं कुलूप

पालक क्रमांकाकडे बघतात. मी कागदाकडे बघते. प्रत्येक स्पर्धेनंतर प्रोटोकॉल नावाची गुणपत्रिका निघते, तिच्यात प्रत्येक उडी, प्रत्येक स्पिन (जागच्या जागी घेतलेल्या गिरक्या), प्रत्येक पंचाचा आकडा असतो. ती वाचता आली की मुलीला काय शिकवायचं हे कुणाला विचारावं लागत नाही.

फिगर स्केटिंगचे गुण दोन भागांत येतात: तांत्रिक गुण, आणि सादरीकरणाचे, म्हणजे रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य. जागतिक ज्युनियर स्पर्धेत उतरायला फक्त तांत्रिक गुणांची किमान पातळी लागते, शॉर्ट प्रोग्रॅमची वेगळी आणि फ्रीची, म्हणजे दुसऱ्या, मोठ्या सादरीकरणाची, वेगळी. आकडा आयएसयू परिपत्रकातून जाहीर करते आणि तो बदलतो, म्हणून त्या सीझनचं परिपत्रकच बघायचं. मुलींसाठी अलीकडे शॉर्टला तो विशीत आणि फ्रीला चाळिशीच्या आसपास असतो. दोन्ही पातळ्या एकाच स्पर्धेत गाठायची सक्ती नाही. शॉर्टची एका स्पर्धेत, फ्रीची दुसरीत चालते. चालू किंवा आधीच्या सीझनमधले गुण धरतात.

आता कागदावर या. डाव्या बाजूला उडीचं नाव, शेजारी मूळ किंमत. अ‍ॅक्सल, टो-लूप, साल्काव, लुट्झ, फ्लिप ही उड्यांच्या प्रकारांची नावं. २०२५-२६ च्या तक्त्यात डबल अ‍ॅक्सलची किंमत ३.३०, ट्रिपल टो-लूपची ४.२०, ट्रिपल साल्कावची ४.३०, ट्रिपल लुट्झची ५.९०. पंच त्यावर उणे ५ ते अधिक ५ देतात आणि प्रत्येक पायरी म्हणजे मूळ किमतीच्या १० टक्के.

उडीच्या नावापुढे कधी एक खूण दिसते, शाळेत गणितात 'पेक्षा लहान' म्हणून काढायचो तीच. याचा अर्थ गिरकी कमी पडली, पाव फेऱ्याहून जास्त. ती एक खूण आली की मूळ किमतीचे ८० टक्केच उरतात. दोन खुणा आल्या तर ट्रिपल उडी डबल म्हणून मोजतात. आणि इंग्रजी क्यू आलं तर बरोबर पाव फेरा कमी. किंमत जात नाही, पण पंच हात आखडता घेतात.

गणित करून बघा. मुलीने ट्रिपल साल्काव मारली, कमी फिरली, लँडिंग अडखळलं. ४.३० चे झाले ३.४४. पंचांनी उणे २ दिले, म्हणजे आणखी ०.६९ गेले. हातात २.७५. त्याच जागी तिने साधी, स्वच्छ डबल अ‍ॅक्सल मारून अधिक १ घेतलं असतं तर ३.६३. प्रेक्षकांतून वाजतात त्या टाळ्या ट्रिपलला, गुण जास्त डबलला. शिवाय पडली तर एकूण गुणांतून १ वेगळा कापला जातो. घरी परतताना गाडीत 'पण तिने ट्रिपल तरी मारलं' हे वाक्य मी नेहमी ऐकते, आणि शक्यतो काही बोलत नाही.

आता त्याहून महत्त्वाचं. समजा मुलीकडे ट्रिपल एकही नाही. ज्युनियर शॉर्टमध्ये ती डबल अ‍ॅक्सल, डबल फ्लिप, आणि डबल लुट्झ-डबल टो-लूप असं करते. उड्यांचे मूळ गुण ३.३०, १.८० आणि ३.४०, म्हणजे ८.५०. तीन स्पिन लेव्हल ३ चे (लेव्हल म्हणजे अवघडपणाची पायरी), फ्लाइंग कॅमल २.८०, लेबॅक २.४०, पाय बदलून केलेला कॉम्बिनेशन ३.००. स्टेप सीक्वेन्स लेव्हल २ चा, २.६०. बेरीज १९.३०. आता उड्यांना हातही न लावता तिन्ही स्पिन लेव्हल ४ ला न्या आणि स्टेप लेव्हल ३ ला: ३.२०, २.७०, ३.५० आणि ३.३०. बेरीज २१.२०. पंचांकडून सगळीकडे सरासरी अधिक १ मिळालं तर २३ च्या वर. एकही ट्रिपल न मारता ती त्या कुलपाच्या अगदी जवळ आली.

म्हणून मी चाकांवरून आलेल्या मुलींना वर्षभर स्पिन आणि कडांवर राबवते. ट्रिपल उडी शिकायला रोजचा बर्फ लागतो आणि तो आपल्याकडे नाही. स्पिनची लेव्हल मात्र वैशिष्ट्यांवर मिळते: अवघड प्रवेश, अवघड स्थिती, कड बदलणं, एकाच स्थितीत आठ फेरे. यातल्या लवचिकतेचं काम घरी सतरंजीवर होतं. माझ्याकडे मल्लखांब करून आलेली एक मुलगी आहे, मागून पाय डोक्यावर ओढून धरायची स्थिती तिने पहिल्याच आठवड्यात केली. बर्फावर ती टिकवायला अर्थातच खूप वेळ गेला. पुण्या-सातार्‍याकडच्या पालकांना मी उघड सांगते, मल्लखांब सोडवू नका.

फ्रीमध्ये उत्तरार्धातल्या शेवटच्या तीन उड्यांना १० टक्के जास्त मिळतात, शॉर्टमध्ये शेवटच्या एका उडीला. गुणपत्रिकेवर तिथे फुलीसारखी खूण असते. दमसास असेल तर खात्रीच्या उड्या शेवटी ठेवा. दमसास नसेल तर या मोहात पडू नका.

कोणत्या स्पर्धेला जायचं

पहिल्या परदेशी स्पर्धेसाठी मी तीन गोष्टी बघते: आयएसयू कॅलेंडरवर आहे का, आपला वयोगट आहे का, आणि व्हिसा वेळेत मिळेल का. आशियात एशियन ओपन फिगर स्केटिंग ट्रॉफी आहे, आपल्याला प्रवासाच्या आणि खर्चाच्या दृष्टीने सोयीची. युरोपात बुडापेस्ट, सोफिया, टॅलिन, ल्युब्लियाना, रेकयाविक अशा ठिकाणी हिवाळ्यात एकापाठोपाठ एक स्पर्धा असतात. एकदा युरोपात गेलात तर दोन आठवड्यांत दोन स्पर्धा जोडून घ्या. पहिलीत मूल बिचकतं, दुसरीत खरे गुण येतात. विमानाचं भाडं तेच. दोन्हींच्या एंट्री मात्र संघटनेकडूनच जाणार, म्हणून हे निदान तीन महिने आधी लेखी मागायचं.

प्रवेश फी युरोत, हॉटेल युरोत, कोचचा खर्च तुमच्याच माथी. मुलीबरोबर आजी, मावशी, धाकटा भाऊ असा लवाजमा नेऊ नका. एक पालक पुरे.

ज्युनियर ग्रांप्री ही वेगळी गोष्ट. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास एरवी सात स्पर्धांची ही मालिका असते. तिथे देशाच्या जागा आधीच्या जागतिक ज्युनियर स्पर्धेतल्या कामगिरीवर ठरतात. मोठ्या देशांना सगळीकडे दोन-दोन, आपल्यासारख्यांना मोजक्या. एका स्केटरला जास्तीत जास्त दोन स्पर्धा. पहिल्याला १५, दुसऱ्याला १३, तिसऱ्याला ११ असे मालिकेचे गुण, आणि शेवटी सर्वोत्तम सहा जण फायनलला. आपल्या मुलीला तिथे एक जागा मिळाली तर ती फायनलसाठी नसते. ती असते जगातल्या चांगल्या पंचांसमोर आपला प्रोटोकॉल काढून घ्यायला.

जागतिक ज्युनियर स्पर्धा बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये. २०२५ ला ती हंगेरीत डेब्रेसेनला झाली, २०२६ ला टॅलिनला. प्रत्येक सदस्य देशाला एक जागा असतेच, किमान गुण गाठलेला स्केटर असेल तर. दोन किंवा तीन जागा मागच्या वर्षीच्या क्रमांकावर: एकटाच स्केटर असेल आणि पहिल्या दोनांत आला तर पुढच्या वर्षी तीन, तिसरा ते दहावा आला तर दोन. शॉर्टनंतर फक्त २४ जण फ्रीला जातात. युवा हिवाळी ऑलिम्पिकच्या जागाही मुख्यतः याच जागतिक ज्युनियर स्पर्धेवरून आणि उरलेल्या ज्युनियर ग्रांप्रीवरून ठरत आल्या आहेत. पुढचं २०२८ मध्ये इटलीत, दोलोमिती वाल्तेलिनाला. तिथला वयोगट जन्मतारखेच्या मर्यादेने वेगळा जाहीर होतो आणि नाव जातं ते ऑलिम्पिक संघटनेमार्फत.

वेगाची आवड असेल तर

इनलाईन स्पीड करणाऱ्या पोरांना मी फिगरकडे ओढत नाही. त्यांच्यासाठी शॉर्ट ट्रॅक. ६० बाय ३० मीटरच्या रिंकवर १११.१२ मीटरचा वळसा, ५००, १००० आणि १५०० मीटर. तिथे तांत्रिक गुणांच्या जागी पात्रता वेळ असते आणि तीही मान्य स्पर्धेत, इलेक्ट्रॉनिक टायमिंगवर नोंदवलेलीच लागते. लेहच्या उघड्या बर्फावर कोचने स्टॉपवॉचवर धरलेली वेळ नव्हे. सामानात पातीने न कापला जाणारा सूट, गळ्याचं संरक्षण, हेल्मेट, नडगीचे पॅड, हातमोजे यातलं एकही कमी असेल तर बर्फावर सोडत नाहीत. सोडूही नये. वळणावर डावा हात बर्फाला टेकतो, आणि मागून येणाऱ्याची पाती कुठे जाईल याचा नेम नसतो.

पासपोर्ट, व्हिसा, औषधं

अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट सहसा पाच वर्षांचा किंवा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी येईल ते. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालू हवा. मूल एकाच पालकाबरोबर किंवा कोचबरोबर जात असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र लागतं. स्पर्धेचं निमंत्रण संघटनेकडे येतं, ते मागून घ्या, व्हिसाच्या अर्जाला तेच जोडायचं.

अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांतून मला एक प्रश्न सारखा येतो: मुलीला भारताकडून खेळवता येईल का? बर्फ रोज आहे, कोच चांगला आहे, तिथे स्पर्धा फार आहे. पण भारत सरकारच्या २००८ पासूनच्या धोरणाप्रमाणे भारताचं प्रतिनिधित्व करायला भारतीय पासपोर्ट लागतो, ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं त्या कार्डावर, भागत नाही. तारा प्रसाद अमेरिकेत जन्मली, तिथेच शिकली, २०१९ मध्ये तिने भारतीय नागरिकत्व घेतलं आणि मग ती भारताची राष्ट्रीय विजेती झाली. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही, म्हणजे दुसरा पासपोर्ट सोडायचा. हा निर्णय स्केटिंगपुरता नसतो, कॉलेज, फी, पुढची नोकरी सगळं त्यात येतं. तेरा वर्षांच्या मुलीसाठी तो घाईने घेऊ नका. आणि आधीच दुसऱ्या देशाकडून खेळली असेल तर देश बदलताना त्या देशाचं परवानगीपत्र आणि मधला थांबण्याचा काळ आयएसयूच्या नियमात आहे, तोही बघून घ्या.

निषिद्ध औषधांची यादी नाडाच्या आणि वाडाच्या, म्हणजे भारताच्या आणि जगाच्या उत्तेजकविरोधी संस्थांच्या, वेबसाईटवर असते. सर्दीच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठराविक प्रमाणाच्या वर निषिद्ध आहे. दम्याचा पंप असेल तर डॉक्टरांना नाव दाखवून आधीच विचारा, लागली तर वापराची परवानगी काढा. 'काहीतरी आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' म्हणून बाटलीवर घटक न छापलेली पावडर मुलाला देऊ नका. चाचणी ज्युनियरचीही होते.

स्पर्धा संपली की त्याच रात्री प्रोटोकॉल उतरवून घ्या आणि सीझनप्रमाणे नाव देऊन ठेवा. सकाळी राज्य आणि राष्ट्रीय संघटनेला ईमेल करा: स्पर्धेचं नाव, तारीख, शॉर्टचे तांत्रिक गुण, फ्रीचे तांत्रिक गुण, आणि त्या सीझनच्या परिपत्रकातली किमान पातळी शेजारी लिहा. शॉर्टची पातळी झाली असेल आणि फ्रीची राहिली असेल तर पुढची कोणती स्पर्धा मागताय आणि तिच्या एंट्रीची शेवटची तारीख काय, हेही त्याच ईमेलमध्ये. उत्तर आलं नाही तर चार दिवसांनी फोन करा.